बाळंतिणीच्या उशाशी कोण?

तेलंगणातला करीमनगर जिल्हा. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत या जिल्ह्यातल्या दर दहा बाळंतपणांपैकी आठ सिझेरियनने झाल्याची नोंद आहे. संपूर्ण तेलंगणाचा आकडा ६०.७ टक्के आणि तिथल्या खासगी दवाखान्यांचा ८१.५ टक्के. सरकारी दवाखान्यांतही तो ४४.५ टक्क्यांवर गेला होता. याच करीमनगरच्या सरकारी रुग्णालयात २०१७ साली ३० परिचारिका एका नव्या अभ्यासक्रमाला बसल्या. त्या आधीच शिकलेल्या, नोंदणी झालेल्या नर्सेस होत्या. पुढचे १८ महिने त्यांनी एकाच गोष्टीला वाहून घेतलं: निरोगी बाईचं बाळंतपण सुरुवातीपासून शेवटपर्यंत स्वतःच्या जबाबदारीवर पार पाडायचं, आणि ते कुठल्या क्षणी डॉक्टरांच्या हाती द्यायचं हे ओळखायचं. हा अभ्यासक्रम तेलंगणा सरकार, युनिसेफ आणि हैदराबादच्या फर्नांडिस रुग्णालयाने मिळून उभा केला. डॉ. एविटा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने त्या रुग्णालयात २०११ पासूनच मिडवाइफ घडवण्याचं काम चालू होतं.

आज तेलंगणाच्या सरकारी रुग्णालयांत अशा दोनशेच्या वर मिडवाइफ काम करतात. सिझेरियनच्या बाबतीत देशात सगळ्यांत पुढे गेलेल्या राज्याला बाळंतिणीजवळ बसणारं शिकलेलं माणूस परत आणावंसं वाटलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. हे राज्य आपलं शेजारी आहे. गडचिरोली शहर दोनशे किलोमीटरच्या पुढे असल्याने सिरोंचा तालुक्यातली माणसं उपचारासाठी गोदावरी ओलांडून त्याच राज्यात जातात. म्हणून हा लेख तेलंगणापासून सुरू होत असला, तरी प्रश्न महाराष्ट्राचा आहे. दवाखान्यापर्यंत पोहोचलेल्या आपल्या लेकीबाळींच्या उशाशी, कळा सुरू झाल्यापासून बाळ छातीशी येईपर्यंत, कोण असतं?

दवाखान्यापर्यंतचा रस्ता

आधी जे मिळवलं त्याचं मोल मान्य करू. १९९२-९३च्या पहिल्या पाहणीत देशातली जेमतेम २६ टक्के बाळंतपणं दवाखान्यात होत होती. पाचव्या पाहणीत हा आकडा ८८.६ टक्क्यांवर पोहोचला आणि महाराष्ट्रात तर ९४.७ टक्क्यांवर. २००५ची जननी सुरक्षा योजना, गावोगावच्या आशाताई, १०२ आणि १०८ क्रमांकाच्या गाड्या, २०११चा जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम या सगळ्यांचं हे फळ. बाळंतपणाशी निगडित कारणांनी होणारे मातांचे मृत्यू देशात दर एक लाख जिवंत जन्मांमागे ९७पर्यंत उतरले, महाराष्ट्रात ३३पर्यंत. हे आकडे २०१८ ते २०२० या काळातले आहेत. एका पिढीपूर्वी गावात ‘बाळंतपणात गेली’ हे वाक्य किती सहज कानावर पडायचं, हे ज्यांना आठवतं त्यांना या आकड्यांचा अर्थ वेगळा समजावून सांगायला नको.

पण याच काळात दुसरा एक आलेखही चढत गेला. देशातलं सिझेरियनचं प्रमाण तिसऱ्या पाहणीत ८.५ टक्के होतं, चौथ्यात १७.२ आणि पाचव्यात २१.५. महाराष्ट्रात ते चौथ्या पाहणीत २०.१ होतं, पाचव्यात २५.४ झालं. देशभरातल्या खासगी दवाखान्यांत जवळपास निम्मी बाळंतपणं, म्हणजे ४७.४ टक्के, शस्त्रक्रियेने होतात. सरकारीत १४.३ टक्के. बाई तीच, शरीर तेच. दार बदललं की बाळंतपणाची रीत बदलते.

सिझेरियनने लाखो जीव वाचवले आहेत आणि पुढेही वाचतील. बाळ आडवं असेल, वार पिशवीच्या तोंडावर असेल, बाळाचे ठोके सावरत नसतील, तर ती शस्त्रक्रिया वेळेत मिळणं हा बाईचा हक्क आहे. दुर्गम भागात आजही ती हवी तेव्हा मिळत नाही आणि त्यापायी जीव जातात. पण गरज नसताना केलेल्या शस्त्रक्रियेची किंमतही खरी आहे: जास्त रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लांबलेली दुखणी, आणि पुढच्या गरोदरपणात वार जुन्या व्रणाला चिकटून बसण्याचा धोका. एकाच राज्यात एका बाईला सिझर मिळत नाही म्हणून धोका आणि दुसरीला नको असताना मिळतं म्हणून धोका. दोघींचं दुखणं एकाच ठिकाणचं आहे. दोघींजवळही कळा चालू असताना सतत पाहणारं, समजणारं आणि ठरवू शकणारं माणूस नव्हतं.

एक रात्र, एक सिस्टर

असं माणूस कसं काम करतं हे मी पश्चिम महाराष्ट्रातल्या एका सरकारी रुग्णालयाच्या लेबर रूममध्ये पाहिलं. रात्रपाळीला एक वयाने मोठ्या सिस्टर होत्या. निवृत्तीला थोडीच वर्षं राहिलेली. संध्याकाळी एक पहिलटकरीण आली, सोबत आई. पोरगी भेदरलेली. गावातून निघाल्यापासून तिला पाण्याचा घोटसुद्धा दिला नव्हता, कारण कोणीतरी सांगितलं होतं, ‘सिझर करावं लागलं तर पोट रिकामं पाहिजे.’

सिस्टरांनी आधी तिला पाणी प्यायला दिलं. मग स्वतःचे हात एकमेकांवर चोळून गरम केले आणि तिच्या पोटावर ठेवले. बाळाची पाठ कुठल्या बाजूला, डोकं किती उतरलंय, हे बोटांनी चाचपून पाहिलं. ठोके ऐकले आणि तिच्या आईलाही ऐकवले. तपासून म्हणाल्या, ‘पिशवीचं तोंड तीन सेंटीमीटर उघडलंय. अजून वेळ आहे. टेबलावर झोपायचं नाही, फिरायचं.’ पुढचे कितीतरी तास ती पोरगी व्हरांड्यात आईच्या खांद्याला धरून फिरत होती. कळ आली की भिंतीला टेकायची. सिस्टर येऊन तिच्या कमरेवर मुठीने दाब द्यायच्या आणि आईला शिकवायच्या, ‘अशी चोळा. वर नाही, इथं खाली, माकडहाडाजवळ.’ अर्ध्या अर्ध्या तासाने ठोके ऐकून कागदावर लिहायच्या. त्या कागदावर बाळाचे ठोके, आईची नाडी, कळांचा जोर सगळं एका नजरेत दिसत होतं.

मध्यरात्र उलटल्यावर पोरगी रडायला लागली. ‘सिस्टर, सिझर करा आता. मला नाही होत.’ सिस्टर तिच्यासमोर खाली बसल्या, दोन्ही हात हातात घेतले. ‘बाळा, हे म्हणायला लागलीस ना, म्हणजे फार राहिलं नाही. ठोके छान आहेत. मी इथंच आहे, कुठं जात नाही.’ तपासलं तर आठ सेंटीमीटर. कळांचं सलाईन लावलं नव्हतं, लागलंही नाही. शेवटी पोरगी एका कुशीवर वळून, आईच्या दंडाला धरून बाळंत झाली. डोकं दिसायला लागलं तेव्हा सिस्टर हळू आवाजात सांगत होत्या, ‘आता जोर नको. नुसती फुंकर घाल. फुंकर.’ एक हात बाळाच्या डोक्यावर, दुसरा खाली आधाराला. खाली छेद घ्यावा लागला नाही, टाकाही पडला नाही. मूल पुसून थेट आईच्या उघड्या छातीवर. मिनिटाच्या आत मांडीत ऑक्सिटोसिनचं इंजेक्शन. नाळेतलं ठोकणं थांबेपर्यंत चिमटा लावला नाही. वार आल्यावर ती पसरून पूर्ण आहे का ते पाहिलं, पिशवी दाबून कडक झाल्याची खात्री केली, अंगावरून किती गेलं याचा अंदाज घेऊन लिहिलं. डॉक्टर त्याच इमारतीत होते. त्यांना दोनदा खबर दिली होती, पण बोलावण्याची वेळ आली नाही.

हे मुद्दाम बारकाईने लिहिलं, कारण बाहेरून पाहणाऱ्याला वाटतं, सिस्टर नुसत्या बसून होत्या. त्या बसण्यात किती शास्त्र होतं! त्या रात्री प्रत्येक गोष्ट करायची की नाही याचा निर्णय घेतला जात होता, आणि न करण्याचा निर्णय घ्यायला जास्त ज्ञान लागतं.

पहाटे त्यांनीच सांगितलं की पुढच्या महिन्यात त्यांची बदली डोळ्यांच्या वॉर्डात आहे. रुग्णालयात सगळ्या सिस्टर आळीपाळीने सगळीकडे जातात, तसा नियमच आहे. त्यांच्या जागी येणाऱ्या मुलीने शिकताना बाळंतपणं केली होती, पण नंतर बरीच वर्षं ती शस्त्रक्रियागृहात होती.

ती कुठे हरवली?

जुन्या सुईणीच्या आठवणीने गहिवरून जाणारं लेखन आपल्याकडे पुष्कळ आहे. सुईणीकडे खरंच मोठं ज्ञान होतं: हाताचं, धीराचं, चोळण्याशेकण्याचं. पण त्यामागचं वास्तव कठोर होतं. रक्तामांसाचं काम म्हणून विटाळ, आणि विटाळाचं काम म्हणून ते बहुतेक ठिकाणी मांग, महार, न्हावी समाजातल्या बायकांवर टाकलेलं. सवर्णांच्या घरात मूल हातात घेणारी तीच बाई पाचवीची पूजा झाल्यावर पुन्हा उंबऱ्याबाहेर. तिला शिक्षण नाही, हत्यार नाही, मोबदला म्हणजे पसाभर धान्य आणि जुनं लुगडं. अडलेलं बाळंतपण तिच्या हाताबाहेर गेलं तर पुढे कुठे न्यायचं, याला उत्तर नव्हतं. बेबीताई कांबळे यांच्या ‘जिणं आमुचं’मध्ये वीरगावच्या महारवाड्यातल्या बाळंतपणांचं वर्णन आहे. ते वाचल्यावर ‘जुनं ते सोनं’ म्हणण्याचं धाडस कोणी करणार नाही.

गेल्या शतकाच्या आरंभी या कामाला शिक्षणाची जोड देण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९०३मध्ये दायांच्या प्रशिक्षणासाठी व्हिक्टोरिया स्मृती शिष्यवृत्ती निधी निघाला. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनाने रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली विधवा आणि परित्यक्ता मुलींना ससूनमध्ये नर्सिंगचं आणि सुईणपणाचं शिक्षण मिळवून दिलं. ज्या काळात नर्स होणं म्हणजे घराण्याला बट्टा समजला जाई, त्या काळात ही वाट काढणं सोपं नव्हतं.

स्वातंत्र्यानंतर एएनएम आल्या. सहाय्यकारी परिचारिका आणि प्रसाविका असं त्यांचं नाव, आणि बाळंतपण हाच त्यांच्या कामाचा गाभा. मग १९७३मध्ये कर्तारसिंग समितीने एएनएमला बहुउद्देशीय आरोग्य सेविका करण्याची शिफारस केली. १९७७पासून तिचं प्रशिक्षण २४ महिन्यांवरून १८ महिन्यांवर आलं. कुटुंबनियोजनाची उद्दिष्टं, लसीकरण, हिवताप, क्षयरोग, सर्वेक्षणं, नोंदवह्या असं एकेक तिच्या पदरात पडत गेलं. बाळंतपण यादीत राहिलं, पण हातातून निसटलं. काम करायलाच न मिळाल्याने हातही विसरले. पुढे उतारा म्हणून तिला २१ दिवसांचं कुशल प्रसूती प्रशिक्षण देण्यात आलं. त्याने काही जीव नक्कीच वाचले, पण २१ दिवसांत मिडवाइफ तयार होत नाही.

रुग्णालयातल्या सिस्टरांचं वेगळंच. त्यांच्या नोंदणीत नर्स आणि मिडवाइफ असे दोन्ही शब्द असतात. सरकारी दवाखान्यांतली बहुतेक साधी बाळंतपणं प्रत्यक्षात त्याच करतात. पण निर्णयाचा अधिकार कागदावर त्यांचा नाही, आणि कामाचं श्रेयही त्यांना मिळत नाही. काही बिघडलं की मात्र पहिला ठपका त्यांच्यावर.

शास्त्र काय सांगतं

बाळंतपणाच्या वेगाबद्दलची आपली दवाखान्यातली समजूत १९५०च्या दशकातल्या अमेरिकी निरीक्षणांवर उभी आहे: पिशवीचं तोंड तासाला एक सेंटीमीटर उघडलं पाहिजे. तेवढं उघडलं नाही की सलाईन, मग पाणी फोडणं, मग आणखी जोराच्या कळा, मग ठोके कमी होणं, मग सिझर. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८च्या मार्गदर्शक सूचनांत ही पट्टी बाजूला ठेवली. सक्रिय कळांची सुरुवात आता पाच सेंटीमीटरपासून धरली जाते. तिथून पुढे पहिलटकरणीला साधारण १२ तासांपर्यंत आणि आधी बाळंत झालेलीला १० तासांपर्यंत लागू शकतात. आई आणि बाळ ठीक असतील तर केवळ वेग कमी म्हणून ढवळाढवळ करू नये, हा त्याचा मथितार्थ. सोबतीला तिच्या पसंतीचं माणूस, हिंडायची-फिरायची मोकळीक, खाणंपिणं आणि तिला बरी वाटेल ती स्थिती हे सगळं त्या सूचनांमध्ये आहे. सरसकट छेद घेणं आणि एनिमा देणं यांचा तिथे स्पष्ट निषेध आहे.

म्हणजे त्या रात्री सिस्टर जे करत होत्या, ते आजचं सगळ्यांत अद्ययावत शास्त्र होतं. मात्र ते अमलात आणायला कोणीतरी तिथे बसून राहावं लागतं. बारा तास एका बाईजवळ थांबणं हे एका स्त्रीरोगतज्ज्ञाला शक्य नाही, आणि त्यासाठी तज्ज्ञाची गरजही नाही.

कॉक्रेन या संस्थेचा २०२४चा आढावा १७ चाचण्यांतल्या १८,५३३ स्त्रियांचा आहे. गरोदरपणापासून बाळंतपणानंतरपर्यंत ओळखीच्या मिडवाइफ सोबत असल्या, तर सिझेरियन आणि चिमटा-व्हॅक्यूम लावून करावी लागणारी बाळंतपणं कमी होतात, नैसर्गिक बाळंतपणं वाढतात आणि स्त्रियांचा अनुभवही चांगला असतो, असं त्यात दिसतं. ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मधल्या एका अभ्यासाने हिशेब मांडला आहे की मिडवाइफ देऊ शकतात त्या सेवांची व्याप्ती भरीव प्रमाणात वाढवली, तर २०३५पर्यंत वर्षाला सुमारे २२ लाख मृत्यू टळू शकतात. त्यात माता, नवजात बाळं आणि पोटातच दगावणारी बाळं तिन्ही येतात. २०२१मध्ये जगात ९ लाख मिडवाइफ कमी आहेत हेही आंतरराष्ट्रीय अहवालातून पुढे आलं.

बाळंतपणानंतरचा रक्तस्राव हे मातांच्या मृत्यूचं मोठं कारण. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानिया इथल्या ८० रुग्णालयांत दोन लाखांहून अधिक बाळंतपणांवर झालेल्या आणि २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीने एक साधी गोष्ट सिद्ध केली. बाळंतिणीच्या खाली खुणा असलेली प्लास्टिकची पिशवी लावून रक्त मोजायचं, आणि ठरावीक खुणेच्या वर गेलं की मालिश, औषधं, सलाईन, तपासणी हे सगळे उपाय एकापाठोपाठ न थांबता एकदमच सुरू करायचे. गंभीर रक्तस्राव आणि त्याचे दुष्परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. महागडं यंत्र त्यात काहीच नाही. लागतं ते शिकलेलं, हजर असलेलं आणि कोणाच्या परवानगीची वाट न पाहता उपचार सुरू करू शकणारं माणूस.

ब्रिटनमधून दोन धडे

नोकरीनिमित्त इंग्लंडला गेलेल्या मराठी मुली गरोदर राहिल्या की सुरुवातीला गांगरतात. माझ्या परिचयातल्या एकीने तिसऱ्या महिन्यात पुण्याला आईला फोन करून सांगितलं होतं, ‘इथे डॉक्टर भेटतच नाही गं, नुसती मिडवाइफ बघते.’ आईला काळजी वाटली. बाळंतपणाला ती गेली तेव्हा तिने पाहिलं की लेकीचं बीपी, रक्त, लघवी, पोटाचा घेर, मनातली भीती सगळ्याची विचारपूस मिडवाइफच करत होती. बाळंतपणानंतर मिडवाइफ घरी येऊन बाळाचं वजन, दूध पिताना त्याची पकड आणि टाके पाहून गेली. आपल्याकडे माहेरी गेल्यावर जी देखभाल होते, तिला तिथे सरकारी व्यवस्थेत शास्त्राचा आधार आहे. १९०२च्या कायद्यापासून तिथे मिडवाइफ हा स्वतंत्र, नियंत्रित व्यवसाय आहे. न्यूझीलंडमध्ये १९९०च्या कायद्याने मिडवाइफला डॉक्टरविना बाळंतपणाची पूर्ण जबाबदारी घेण्याचा अधिकार मिळाला, आणि आज बहुतेक स्त्रिया मुख्य काळजीवाहक म्हणून तिलाच निवडतात.

दुसरा धडाही तितकाच गंभीरपणे घ्यायला हवा. श्रूजबरी आणि टेलफर्ड इथल्या रुग्णालयांची चौकशी करणारा डोना ऑकेंडेन यांचा अहवाल मार्च २०२२मध्ये आला. चांगली काळजी मिळाली असती तर २०१ बाळं वाचली असती किंवा वाचू शकली असती, असा त्याचा निष्कर्ष होता. त्याआधी २०१५मध्ये मोरकॅम्ब बे इथल्या चौकशीत ११ बाळं आणि एका मातेचा टाळता येण्याजोगा मृत्यू समोर आला होता. कारणं अनेक होती: माणसं अपुरी, ठोक्यांच्या नोंदींचं चुकीचं वाचन, मिडवाइफ आणि डॉक्टर यांच्यातला तुटलेला संवाद, झालेल्या चुकांतून न शिकणं. नैसर्गिक बाळंतपणाचा हट्टही त्यात होता. सिझेरियन कमी ठेवल्याचा अभिमान बाळगला जात होता आणि कुटुंबांचं कोणी ऐकत नव्हतं.

मिडवाइफची बाजू मांडणाऱ्या प्रत्येकाने या अहवालांकडे डोळे उघडून पाहिलं पाहिजे. त्यातून मिडवाइफ नकोत असा अर्थ निघत नाही, आणि त्या अहवालांनीही तो काढला नाही. निघतो तो असा की ‘नॉर्मल’ बाळंतपण हे उद्दिष्ट कधीच होऊ शकत नाही. आई आणि बाळ सुखरूप आणि आईचा मान राखलेला, हेच उद्दिष्ट. चांगल्या मिडवाइफची परीक्षा तिने किती बाळंतपणं सिझरविना केली यावर होत नाही. डॉक्टरला योग्य वेळी हाक मारली का, आणि ती हाक ऐकणारा डॉक्टर हाकेच्या अंतरावर होता का, यावर होते.

डॉक्टरांचीही सुटका

महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावी बाळंतपणाचा मोठा भार दहा-पंधरा खाटांच्या नर्सिंग होमवर आहे. बहुतेक ठिकाणी एक स्त्रीरोगतज्ज्ञ, अनेकदा नवरा-बायको दोघे डॉक्टर. दिवसभर बाह्यरुग्ण, दुपारी शस्त्रक्रिया, रात्री कळा घेऊन आलेली बाई. हाताखालच्या मुली बऱ्याचदा नर्सिंगची पूर्ण पदवी न घेतलेल्या, कामावरच शिकलेल्या. अशा डॉक्टरने रात्री बारा तास कोणाच्या भरवशावर वाट पाहायची? ठोक्यांची नोंद चुकली आणि बाळ दगावलं, तर सकाळी दवाखान्याच्या काचा फुटलेल्या असतात आणि पुढे ग्राहक न्यायालय. सिझर केलं म्हणून सहसा कोणी दावा लावत नाही. उशीर केला म्हणून लावतात. त्यात नातेवाइकांचाही रेटा असतो: ‘पोरीचे हाल बघवत नाहीत, करून टाका’, ‘अमुक वाजता मुहूर्त चांगला आहे’. पैशाचं गणित काही ठिकाणी नक्कीच आहे, आणि त्यावर बोललंच पाहिजे. पण सगळा दोष लोभावर टाकला की व्यवस्थेची उणीव झाकली जाते.

अशाच एका गावातल्या अनुभवी स्त्रीरोगतज्ज्ञ बाईंशी बोलताना त्यांनी सांगितलं की त्यांना नव्या यंत्रापेक्षा रात्री डोळे मिटून विश्वास टाकता येईल अशा दोन शिकलेल्या मिडवाइफ हव्या आहेत. जाहिरात दिली तर नर्स मिळतात, मिडवाइफ मिळत नाहीत. कारण तशा आपण घडवल्याच नाहीत. मिडवाइफ आली की डॉक्टरचं महत्त्व घटेल ही भीती काही संघटनांमध्ये आहे. प्रत्यक्षात तज्ज्ञाचं कौशल्य ज्या बाईला खरोखर हवं, तिच्यासाठी ते मोकळं होतं. बीपी वाढून झटके आलेली, मूल आडवं असलेली, रक्त जाणारी बाई आली, तेव्हा डॉक्टर आदल्या रात्रीच्या जागरणाने थकलेला नसतो.

महाराष्ट्राने काय करावं

केंद्र सरकारने डिसेंबर २०१८मध्ये देशासाठी मिडवाइफरी सेवेची मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. नोंदणीकृत परिचारिकांना आणखी १८ महिन्यांचं प्रशिक्षण, त्यासाठी खास प्रशिक्षण संस्था, आणि बाळंतपणं जास्त होतात अशा सरकारी रुग्णालयांत मिडवाइफ चालवत असलेले स्वतंत्र कक्ष, असा तो आराखडा आहे. या कक्षांची आखणी शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयाला लागून केलेली आहे, हे त्यातलं शहाणपण. २०२३च्या राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोग कायद्याने १९४७च्या जुन्या परिचर्या परिषद कायद्याची जागा घेतली. आराखडा आहे, कायदा आहे. राज्याने ठरवलं तर काम होतं, हे तेलंगणाने दाखवलं. आता पुढची जबाबदारी आपली.

पहिली गोष्ट, स्वतंत्र पद. मिडवाइफ म्हणून शिकलेल्या बाईची नेमणूक मिडवाइफ म्हणूनच व्हावी, तिला स्वतःची वेतनश्रेणी आणि बढतीची वाट असावी. दुसरी, बदल्या थांबवणं. १८ महिने खर्चून घडवलेले हात डोळ्यांच्या वॉर्डात पाठवणं ही सार्वजनिक पैशाची आणि मातांच्या सुरक्षिततेची नासाडी आहे. तिसरी, लेखी अधिकार: कुठली औषधं ती स्वतः देईल, कुठल्या खुणा दिसताच डॉक्टरला बोलावेल, बोलावल्यावर डॉक्टर किती वेळात पोहोचेल. चौथी, प्रत्येक वाईट घटनेचा मोकळेपणाने आढावा, ज्यात त्या बाईचं कुटुंबही बसेल.

पाचवी गोष्ट मला सगळ्यांत जवळची वाटते. सुरुवात मोठ्या शहरांबरोबरच नंदुरबार, मेळघाट, पालघर, गडचिरोलीतही व्हावी. आदिवासी भागात राज्याची ‘माहेरघर’ योजना आहे. दिवस भरत आलेल्या बाईने प्राथमिक आरोग्य केंद्राजवळ येऊन राहावं, म्हणजे ऐन वेळी नदी-नाले ओलांडावे लागू नयेत. कल्पना उत्तम आहे. पण तिथे तिची भाषा बोलणारी, तिला टेबलावर आडवं न पाडता तिच्या सवयीप्रमाणे उकिडवं बसू देणारी, आणि तरीही रक्तस्रावाची पहिली खूण ओळखणारी मिडवाइफ असेल, तरच बायका तिथे विश्वासाने येऊन राहतील. कोरकू, गोंड, माडिया, भिल्ल, वारली मुलींमधूनच नर्सिंगला मुली घेऊन त्यांना मिडवाइफ केलं, तर त्या तिथे टिकतील.

हे जमेल का, ही शंका महाराष्ट्राने तरी घेऊ नये. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७०मध्ये जामखेडला काम सुरू केलं, तेव्हा निरक्षर, अनेकदा दलित आणि टाकलेल्या बायकांना गावाच्या आरोग्याची जबाबदारी दिली आणि त्यांनी ती पेलून दाखवली. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत आरोग्यदूत आणि सुईणींना शिकवून नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी खाली आणले. १९९९मध्ये ‘लॅन्सेट’ने तो शोधनिबंध छापला आणि पुढे घरोघरी नवजात बालकाची काळजी हे देशाचं धोरण झालं. गावातल्या बाईवर विश्वास टाकून तिला शास्त्र शिकवावं, हे जगाला सांगणारं राज्य हेच आहे. मग रीतसर शिकलेल्या परिचारिकेवर तो विश्वास टाकायला आपण का कचरतो?

ज्यांच्या घरात यंदा बाळंतपण आहे, त्यांनी दवाखान्यात नाव घालताना काही साधे प्रश्न विचारावेत. कळा चालू असताना माझ्याजवळ सतत कोण असेल? तिने बाळंतपणाचं वेगळं शिक्षण घेतलंय का? माझी आई किंवा नवरा आत थांबू शकेल का? मला हिंडता-फिरता येईल का? रक्त जास्त गेलं किंवा ठोके बिघडले, तर किती वेळात शस्त्रक्रिया होईल? हे प्रश्न उद्धटपणाचे नाहीत. चांगला डॉक्टर त्यांची उत्तरं आनंदाने देईल. आणि हजारो घरांतून ते विचारले गेले, तर ज्यांच्या हाती पदं मंजूर करणं आहे त्यांनाही उत्तर द्यावं लागेल.

गेल्या तीस वर्षांत आपण बाईला दवाखान्याच्या दारापर्यंत आणलं. त्यासाठी रस्ते बांधले, गाड्या घेतल्या, पैसे दिले, लाखभर भिंती रंगवल्या. दाराच्या आत तिला एकटीला टेबलावर सोडायचं नसेल, तर पुढची गुंतवणूक माणसांत करायला हवी. राज्याच्या पुढच्या अर्थसंकल्पात मिडवाइफची पदं आणि त्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च दिसला पाहिजे, आणि तो दिसेपर्यंत मागत राहणं हे आपलं काम आहे.